जमिनीपासून हातभर वर: टांगलेल्या झोक्यावर उत्स्फूर्त नृत्य कसं शिकावं

एरिअल डान्स, म्हणजे टांगलेल्या साधनावरचं नृत्य, म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते छतापर्यंत गेलेलं कापड, त्यात गुंडाळलेली मुलगी आणि शेवटी धाडकन खाली येणारा ‘ड्रॉप’. रील्सवर तेच दिसतं आणि शहरांतले बरेच वर्गही तिथूनच सुरू होतात. या आठवड्यात हा क्लाइंब, पुढच्या आठवड्यात तो रॅप (कापडाचा वेढा), महिन्याअखेरीस ड्रॉप. युक्त्यांची यादी लांबत जाते. मग एक दिवस कुणी गाणं लावून म्हणतं, ‘आता दोन मिनिटं नुसतं नाच,’ आणि इतकी यादी पाठ असलेली मुलगी कापड हातात धरून उभी राहते. एका युक्तीतून दुसरीत जाताना मधे जो वेळ असतो, त्यात काय करायचं हे तिला कुणी विचारलेलंच नसतं.

हा लेख त्या मधल्या वेळेसाठी आहे. मी सुचवते तो क्रम प्रचलित क्रमाच्या जवळजवळ उलटा आहे. झोका इतका खाली आणायचा की पाय जमिनीवर टेकतील, स्वतःला कडक बंधनं घालून घ्यायची आणि युक्त्या नंतर शिकायच्या. वेळ जास्त लागतो. इन्स्टाग्रामवर टाकण्याजोगं काही हाती लागायला तर बराच उशीर होतो.

खालचा झोका आला कुठून

१८५९ मध्ये पॅरिसमध्ये ज्युल लेओतारने उडत्या ट्रॅपीझचा, म्हणजे दोन दोऱ्यांना टांगलेल्या आडव्या दांडीवरचा, पहिला जाहीर खेळ केला. पुढची शंभरेक वर्षं ट्रॅपीझ म्हणजे उंची आणि छातीत धडकी, हे समीकरण कायम राहिलं. ते मोडलं टेरी सेंडग्राफ यांनी. जिम्नॅस्टिक्स आणि आधुनिक नृत्य अशा दोन्ही वाटांनी आलेल्या सेंडग्राफ १९७०च्या दशकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियात, बर्कली-ओकलंडच्या परिसरात काम करत होत्या. त्यांनी ट्रॅपीझ जमिनीलगत आणला आणि त्याच्या दोन्ही दोऱ्या वर एकाच बिंदूला जोडल्या. या कामाला त्यांनी ‘मोटिव्हिटी’ असं नाव दिलं आणि त्याचा पाया सुरुवातीपासून इम्प्रोव्हायझेशनचा, म्हणजे उत्स्फूर्त नाचाचा, ठेवला. तो काळच तसा होता. १९७० मध्ये ट्रिशा ब्राउन यांनी न्यूयॉर्कमध्ये एका माणसाला दोराच्या आधाराने इमारतीच्या भिंतीवरून सरळ चालत खाली उतरवलं होतं, तर १९७२ मध्ये स्टीव्ह पॅक्स्टन यांनी कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशनची, म्हणजे एकमेकांच्या स्पर्शातून आणि वजनातून घडणाऱ्या उत्स्फूर्त नाचाची, सुरुवात केली होती. पुढे १९८८ मध्ये नॅन्सी स्मिथ यांनी कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे ‘फ्रीक्वेंट फ्लायर्स’ ही संस्था काढली. तिथे १९९९ पासून एरिअल डान्सचा महोत्सवही भरू लागला.

एका बिंदूवर टांगण्याला एवढं महत्त्व का, हे समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. ओटीवरचा झोपाळा चार कड्यांवर असतो, म्हणून तो पुढे जातो आणि मागे येतो, एवढंच. एका बिंदूवरचा झोका मात्र पुढे-मागे, आडवा, गोल असा कुठेही जातो, शिवाय स्वतःभोवतीही फिरतो. तुम्ही ढकलता एकीकडे, तो वळतो तिसरीकडे. नेमकी हालचाल आखून ठेवणं त्याच्यावर अवघड, आणि म्हणूनच उत्स्फूर्त नाचायला तो उत्तम.

टांगायचं कुठे

आधी नकार. पंख्याच्या हुकाला नाही. घरातल्या झोपाळ्याच्या कडीलाही नाही, कारण ती कडी वजन चार ठिकाणी वाटलेलं असताना आणि एकाच दिशेच्या हेलकाव्यासाठी बसवलेली असते. दाराच्या चौकटीत अडकवायचा व्यायामाचा बार तर विचारातसुद्धा नको.

कारण साधं आहे. झोका हलायला लागला की वरच्या बिंदूवर येणारा भार तुमच्या वजनाइतका राहत नाही. दोरी उभ्या रेषेपासून ४५ अंशांपर्यंत नेऊन सोडली, तर तळाशी येताना भार वजनाच्या साधारण १.६ पट होतो. ६० अंशांवरून सोडली तर दुप्पट. म्हणजे ६० किलोचा माणूस त्या क्षणी १२० किलोचा. हे नुसत्या सुरळीत हेलकाव्याचं झालं. कापडातून घसरून अचानक अडकलात तर झटका याहून कितीतरी मोठा असतो. म्हणून माणसं टांगण्याचं काम करणारे रिगर अपेक्षित भाराच्या अनेक पट क्षमता धरून चालतात, दहापट धरणारेही बरेच आहेत. तुमच्या हॉलच्या तुळईला ते झेपेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघून सांगायचं. ‘स्लॅब जुना आहे, दणकट आहे’ हे उत्तर सोसायटीच्या सेक्रेटरीकडून चालेल, इंजिनिअरकडून चालणार नाही.

बिंदूखालची साखळी साधारण अशी असते: तुळईला भक्कम बसवलेला अँकर, त्याला कॅराबिनर (उघडझाप करणारं दार असलेली धातूची कडी), मग स्विव्हल (स्वतःभोवती फिरणारा जोड), परत कॅराबिनर आणि खाली दोऱ्या किंवा कापड. कॅराबिनर स्क्रूने बंद होणारेच घ्या. गिर्यारोहणाच्या कॅराबिनरवर २० किंवा २२ किलोन्यूटन (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोचा भार) असे आकडे कोरलेले दिसतात. ते दार बंद असताना आणि ताण उभा पडत असताना लागू होतात. दार उघडं राहिलं किंवा कॅराबिनर आडवा पडला तर ती क्षमता फार घसरते, म्हणून दर वेळी चढण्याआधी स्क्रू हाताने फिरवून बघायचा. स्विव्हलमुळे झोका मोकळा फिरतो. तो नसेल तर दोऱ्यांना पीळ बसतो आणि झोका उलगडत परत फिरतो. सरावासाठी दोन्हींत मजा आहे, पण सुरुवात स्विव्हलवर करा.

झोका कोणता? लाकडी किंवा लोखंडी दांडीचा ट्रॅपीझ आणि लवचीक कापडाची सैल झोळी, म्हणजे ज्याला वर्गांत स्लिंग किंवा हॅमॉक म्हणतात, हे दोन सुरुवातीला पुरेत. माझा कल ट्रॅपीझकडे आहे. दांडी कडक असते, त्यामुळे वजन कुठे टाकलंय हे अंगाला लगेच कळतं. कापड लाड करतं, सगळीकडून धरून ठेवतं, आणि नवख्याला वाटतं आपल्याला जमलं. लायरा, म्हणजे लोखंडी कडं, सहा महिन्यांनी बघा.

दांडीवर सुती पट्टी गुंडाळा, विशेषतः मुंबई-कोकणात. पावसाळ्यात घामेजलेला तळहात उघड्या लोखंडावरून कधी सटकेल सांगता येत नाही. उंची अशी ठेवा: उभं राहिल्यावर दांडी बेंबीच्या आसपास यावी आणि जमिनीवर बसून हात वर केला की सहज मुठीत यावी. ती पुढे वर-खाली करावी लागणार आहे, तेव्हा तशी सोय वरच करून घ्या.

मोकळी जागाही मोजून घ्यावी लागते. बिंदूपासून दांडीपर्यंत ३ मीटर अंतर असेल आणि तुम्ही ३० अंशांपर्यंत झुललात, तर दांडी मध्यापासून दीड मीटर लांब जाते. त्यात आडवं ताणलेलं अंग दीड मीटर मिळवा, वर अर्धा मीटर राखीव. म्हणजे चहूबाजूंनी साडेतीन मीटर त्रिज्येचं वर्तुळ मोकळं हवं. फ्लॅटच्या हॉलमध्ये हे जमत नाही. शाळेचा हॉल, व्यायामशाळा किंवा एखादा स्टुडिओ गाठावा लागतो.

खाली गादी हवीच, पण या कामाला जाड मऊ क्रॅशमॅट घेऊ नका. पाय सारखे जमिनीवर येणार, धावणार, वळणार. मऊ गादीत पाऊल रुतलं की घोटा मुरगळतो. जिम्नॅस्टिक्सची पातळ, घट्ट गादी बरी. जाड गादी उलटं लटकण्याच्या दिवसासाठी ठेवा.

अंगाची तयारी

गर्भारपण, काचबिंदू, डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया, ताब्यात नसलेला रक्तदाब, हृदयविकार, मानेच्या मणक्याचा त्रास, सतत निखळणारा खांदा, व्हर्टिगो, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ‘योगा करते’ असं न सांगता ‘उलटी लटकणार आहे आणि गोल फिरणार आहे’ असं सांगा.

पुलअप्स येत नाहीत म्हणून कुणी थांबू नये. या पद्धतीत पाय जमिनीवर असल्यामुळे किती वजन हातांवर घ्यायचं ते तुमच्या ताब्यात असतं. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून हवी. दांडी धरून लटकताना खांदे कानांना चिकटू द्यायचे नाहीत. खांद्याची पाती खाली ओढून, मान लांब ठेवून लटकायचं. दहा सेकंद असं लटकून बघा, पाय हलके टेकवून. नुसत्या सांध्यावर लोंबकळण्याची सवय लागली तर ती खांद्याला महागात पडते.

सराव पोट रिकामं असताना, म्हणजे जेवणानंतर निदान दोन तासांनी. कपडे गुडघ्यामागचा आणि काखेतला भाग झाकणारे, चेन-बटणं नसलेले. अंगठी, बांगड्या, कानातलं, मंगळसूत्र, हातातला गंडा, सगळं काढून ठेवायचं. केस घट्ट बांधायचे. अंगाला त्या सकाळी खोबरेल लावू नका. आणि गुडघ्यामागे, पोटरीवर काळेनिळे वळ उठतील. ते जातात. दोरीने कातडी सोलवटली तर मात्र ती बरी होईपर्यंत त्या जागेवर वजन टाकू नका.

रिकामा झोका

पहिल्या दिवशी चढायचं नाही.

झोका ढकला आणि बाजूला उभे राहून बघा. तो सरळ गेला की लंबगोल फिरतोय? दांडी स्वतःभोवती वळतेय का? कुठे तो सर्वांत जलद असतो आणि कुठे क्षणभर थबकतो? तो थबकण्याचा क्षण नीट ओळखा, कारण पुढे सगळं चढणं-उतरणं त्या क्षणातच होणार आहे. तिथे झोक्याला वेग नसतो आणि तुम्ही जवळजवळ फुकटात अंग बदलू शकता.

आता त्याचा काळ मोजा. बिंदू ते दांडी ३ मीटर असेल तर एक पूर्ण हेलकावा, जाऊन परत येईपर्यंत, साधारण साडेतीन सेकंदांचा. ४ मीटर असेल तर चार सेकंदांचा. जोरात ढकला, हळू ढकला, फारसा फरक पडत नाही. ४ मीटरच्या झोक्यावर मात्रा अर्ध्या सेकंदाची धरली तर केरव्याचं आठ मात्रांचं एक आवर्तन बरोबर एका हेलकाव्यात बसतं. ज्यांच्या कानात ताल आहे त्यांनी हे करून बघाच. टाळी द्या, आणि सम येते तेव्हा झोका कुठे आहे ते बघा. झोक्याची लय तुमच्या इच्छेने बदलत नाही, त्याच्या लांबीने बदलते. दांडीवर उभे राहिलात तर वजन वर सरकतं, लोलक आखूड होतो आणि झोका जलद जातो. खाली लोंबकळलात की तो मंदावतो. लय हातात घ्यायची तर एवढीच किल्ली आहे.

मग त्याच्याबरोबर चाला. हात न लावता त्याच्या मागे, पुढे, त्याच्या वर्तुळाच्या आतून बाहेर. अंगाला जेमतेम चाटून जाऊ द्या. आडवे झोपा आणि वरून जाऊ द्या. एक सावधगिरी: बेंबीच्या उंचीची दांडी गुडघ्यांवर उभ्या असलेल्या माणसाच्या बरोबर तोंडावर येते. त्यामुळे या खेळात एक तर पूर्ण उभं राहायचं, नाहीतर पूर्ण आडवं. दांडीला फोमची नळी गुंडाळली तर अधिक चांगलं.

हे सगळं बघायला वेडगळ वाटतं. व्यायामशाळेतली पोरं दारात उभी राहून हसतील. हसू द्या.

वजन देणं

आता एक हात दांडीवर ठेवा आणि त्याच्यावर थोडंसं, पिशवी टेकवावी इतकंच वजन द्या. मग थोडं जास्त. पाय जमिनीवर सरकू द्या. मग कोपराची घडी, काख, पाठीचा वरचा भाग, पोट, मांडीचा सांधा, गुडघ्याची मागची बाजू, असं एकेका जागेला विचारत जायचं की तू किती वजन घेतेस. पोटावर दांडी आली की ती बरगड्यांखाली नको, ओटीपोटाच्या हाडांच्या जवळ हवी, नाहीतर श्वास अडकतो. मानेवर कधीच नाही. उत्स्फूर्त सरावात दोरी, कापड किंवा दांडी गळ्याभोवती येऊ द्यायची नाही, हा नियम शंभर टक्के पाळायचा.

इथे शिकायची मुख्य गोष्ट म्हणजे मधल्या छटा. बहुतेक लोक एक तर जमिनीवर असतात किंवा झोक्यावर. पाव वजन झोक्यावर आणि पाऊण जमिनीवर, मग हळूच अर्धं-अर्धं, मग फक्त अंगठा टेकलेला, या अवस्थांत रेंगाळायला शिकलात की नाच तिथेच सुरू होतो. पायाच्या अंगठ्याने जमिनीवर रेघ ओढत जाणारं शरीर छताशी केलेल्या स्प्लिटपेक्षा मला नेहमीच जास्त बघावंसं वाटतं.

हेलकावा, फिरकी, प्रदक्षिणा

एका बिंदूवरच्या झोक्याच्या हालचाली मुळात तीन. सरळ हेलकावा. जागच्या जागी फिरकी. आणि प्रदक्षिणा, म्हणजे मध्याभोवती मोठं वर्तुळ. बाकी सगळी या तिघांची मिश्रणं.

हेलकाव्यासाठी दांडी धरून मागे चालत जा, पाय उचला, तळातून जा, दुसऱ्या टोकाला थबकण्याच्या क्षणी पाय टेका. धाव, उचल, टेक. दमेपर्यंत एवढंच करा. प्रदक्षिणेसाठी दांडी धरून बाहेरच्या बाजूला कला आणि वर्तुळात धावा. पाय उचलले की झोका तुम्हाला घेऊन फिरतो. उतरताना धावण्याच्या दिशेतच उतरायचं आणि दोन-चार पावलं धावून जायचं. जागीच थांबायचा प्रयत्न केला की गुडघा वळतो.

फिरकीत हातपाय पसरलेले असताना गती मंद असते आणि अंगाशी घेतले की एकदम वाढते. नवखी मंडळी घाबरून अंग आवळतात, आणि त्यामुळेच अधिक जोरात फिरतात. वेग कमी करायचा तर पसरा, लांब व्हा.

चक्कर येणारच. आतल्या कानातल्या नलिकांमधला द्रव फिरू लागतो आणि तुम्ही थांबलात तरी लगेच थांबत नाही, म्हणून खोली फिरत राहते. नजर खोलीभर भिरभिरू न देता स्वतःच्या हातावर किंवा दोरीवर ठेवा, हळूहळू थांबा आणि पाय टेकल्यावर दांडी सोडायची घाई करू नका. मळमळ सुरू झाली की त्या दिवशीची फिरकी संपली. थोडं-थोडं रोज केलं तर सहनशक्ती वाढते. एकदाच पुष्कळ केल्याने फक्त उलटी होते.

बंधनं घालून घ्या

‘मनाला येईल ते कर’ ही नवख्याला दिलेली सर्वांत वाईट सूचना आहे. मनाला तेच येतं जे सवयीचं असतं. म्हणून इम्प्रोव्हायझेशन शिकवणारे एखादा प्रश्न किंवा नियम देतात आणि त्याच्या आत खेळायला सांगतात. या नियमांना ते ‘स्कोर’ म्हणतात. नियम जितका नेमका, तितकी अनपेक्षित हालचाल.

माझ्या वहीतले काही उपयोगी पडलेले इथे देते. पहिला: पाच मिनिटं एक पाय जमिनीला लागलेलाच राहील, कोणता ते बदलू शकता. दुसरा: तळहात वर्ज्य, दांडी फक्त कोपर, काख, गुडघा, पाठ आणि पोट यांनीच धरायची. हा करताना झोका जवळजवळ स्थिर ठेवा, नाहीतर पडाल. तिसरा थांबण्याचा: झोक्यावर कुठल्याही अवस्थेत जा आणि झोका पूर्ण थांबेपर्यंत अंगाचा एकही भाग हलवू नका. हा सोपा वाटतो. एक-दीड मिनिट काहीच न करता झुलत राहणं बहुतेकांना सहन होत नाही, पण बघणाऱ्याला त्याच वेळी पहिल्यांदा नाच दिसतो.

चौथ्या नियमावर मी जास्त वेळ घालवते. कोणत्याही क्षणी दुसऱ्याने ‘परत’ म्हटलं की आतापर्यंतच्या शेवटच्या तीन हालचाली उलट क्रमाने करायच्या. आलात त्याच वाटेने मागे जायचं. सुरुवातीला आठवतच नाही की आपण काय केलं. आठवड्याभरात अंग स्वतःहून नोंद ठेवायला लागतं. याचे दोन फायदे आहेत. उत्स्फूर्त हालचाल पुन्हा करता येण्याजोगी होते, म्हणजे तिच्यातून पुढे रचना करता येते. आणि सुरक्षितपणे बाहेर पडण्याची वाट कायम माहीत असते. कापडात अडकून घाबरणारे लोक बहुतेक वेळा घट्ट गाठीत नसतात. आत कसे आलो ते विसरलेले असतात.

त्यालाच जोडून एक पक्की मनाई: उत्स्फूर्त सरावात ड्रॉप नाही. ड्रॉप सुरक्षित असतो तो गुंडाळण्याचा क्रम अचूक असल्यामुळे. एक वेढा उलटा पडला तर जिथे कापड अडवणार होतं तिथे अडवत नाही. ड्रॉप वेगळा शिका, शिक्षकासमोर, ठरलेल्या क्रमाने.

संगीत शेवटी आणा. आधी शांततेत, मग तबल्याचा नुसता ठेका, मग गाणं. शब्दांचं गाणं लावलं की हात त्या शब्दांचे अर्थ करायला लागतात, आणि ती खोड सुटता सुटत नाही.

उलटं लटकणं

ट्रॅपीझवर गुडघ्यांत दांडी धरून उलटं लटकायचं असेल तर आधी उंची वाढवा. सरासरी उंचीच्या माणसाचं गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचं अंतर सव्वा मीटरच्या आत-बाहेर असतं. बेंबीच्या उंचीवरच्या दांडीला लटकलात तर डोकं जमिनीवर आपटेल. दांडी साधारण दीड मीटरवर घ्या, जेणेकरून डोकं गादीच्या वर वीतभर राहील आणि कोपर वाकवून तळवे गादीवर टेकतील. हात टेकलेले असणं ही मोठी सोय आहे. लटकताना टाचा बैठकीकडे ओढून धरायच्या. बाहेर येताना तळव्यांवर वजन घेऊन एकेक पाय काढायचा, किंवा पोटातून वर येऊन दांडी धरायची.

झोळीत हे सोपं पडतं. कापड माकडहाडाच्या वर, कमरेला आडवं घ्या, दोन्ही बाजूंनी धरा, मागे कलंडत मांड्या रुंद करा आणि पाय बाहेरून आत अडकवा. पहिल्या वेळी बाजूला शिकलेला माणूस हवाच. उलट्या अवस्थेत सुरुवातीला अर्ध्या-पाऊण मिनिटाहून जास्त राहू नका, आणि उठल्यावर लगेच ताठ उभे राहू नका.

बघणारं माणूस

हा सराव एकट्याने करू नये. सुरक्षेसाठी तर नाहीच, पण बघणाऱ्याचं काम त्याहून मोठं आहे. एकाने दहा मिनिटं नाचायचं, दुसऱ्याने बघायचं आणि नंतर फक्त दिसलेलं सांगायचं: ‘दर वेळी उजवा गुडघाच आधी वर गेला’, ‘मधे श्वास रोखला होतास’, ‘वर बघितलंस तेव्हा झोका आपोआप वळला’. ‘मस्त’, ‘छान’ नको. त्यातून काही शिकता येत नाही. मोबाइल जमिनीवर, पूर्ण वर्तुळ दिसेल असा ठेवून चित्रण करा, आणि ते दुसऱ्या दिवशी, आवाज बंद करून बघा.

दोरीच्या मल्लखांबातून येणाऱ्यांसाठी

आपल्याकडे टांगलेल्या साधनावरचा सराव नवा नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला पुन्हा उभं केलं. वेताच्या मल्लखांबाची जागा पुढे चांगला वेत मिळेनासा झाल्यावर सुती दोरीने घेतली, आणि दोरीवर मुली मोठ्या संख्येने आल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा मुंबईत शिवाजी पार्कला झाली. तिथल्याच श्री समर्थ व्यायाम मंदिरातून उदय देशपांडे यांनी हा व्यायाम परदेशी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवला. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

दोरीवर वाढलेल्या मुलीकडे जे असतं ते एरिअलच्या वर्गात वर्षभरात येत नाही. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांत दोरी धरण्याची पकड, गाठ न मारता नुसत्या वेढ्यावर आणि घर्षणावर विश्वास ठेवणं, सोलवटायला सरावलेली कातडी. ‘तेढी’ हा मल्लखांबातला प्रकार करताना दोरी कुठून कुठे जाते हे तिच्या अंगाला पाठ असतं. तिला अडचण येते ती वेगळीच. दोरीवर हालचाल आसनात जाऊन संपते. पद्मासन, निद्रासन, क्षणभर स्थिर, पुढचं. स्पर्धेत गुणही त्यालाच असतात. त्यामुळे खालच्या झोक्यावर आली की ती दर काही सेकंदांनी एका सुबक आकृतीत जाऊन थांबते, आणि हात सलामीला जातात.

तिच्यासाठी वेगळा स्कोर: पाच मिनिटं, नाव असलेलं एकही आसन नाही. आसन होतंय असं वाटलं की शेवटच्या वीतभर अंतरावर दिशा बदलायची. पहिल्यांदा ती चिडते. नंतर तिच्या हालचाली अशा काही निघतात की आम्ही बाकीचे सराव सोडून बघत बसतो. मल्लखांबाच्या शिक्षकांना हे शिस्तीविरुद्ध वाटण्याची शक्यता आहे. त्यांच्या वर्गात हे करू नये, एवढं पथ्य पाळावं.

रचना, आणि उंची कधी वाढवावी

चित्रणांतून एखादा तुकडा वारंवार खुणावतो. तो उचला, ‘परत’च्या सरावाने पक्का करा, त्याच्या आधी आणि नंतर काय येईल हे पुन्हा उत्स्फूर्तपणे शोधा. असे तीन-चार तुकडे आणि त्यांच्यामधला मोकळा वेळ एवढ्यावर पाच मिनिटांचं सादरीकरण उभं राहतं. तो मोकळा वेळ मोकळाच ठेवा. तिथे काय होईल हे प्रयोगाच्या दिवशी ठरू द्या.

उंचीबद्दल माझा नियम असा. खालच्या झोक्यावर दोन्ही बाजूंनी, डावीकडून आणि उजवीकडून, चढता-उतरता यायला हवं. प्रदक्षिणेतून न अडखळता जमिनीवर येता यायला हवं. खांदे वर न घेता अर्धा मिनिट पूर्ण वजनाने लटकता यायला हवं. कुठल्याही अवस्थेतून ‘परत’ म्हटल्यावर मागे जाता यायला हवं. आणि दमलेलं असताना ‘आज नको’ म्हणता यायला हवं. हे शेवटचं काही लोकांना दोन वर्षांनीही जमत नाही. हे पाचही जमलं की दांडी एका वेळी वीतभर वर घ्या, गादी जाड करा, आणि प्रत्येक नव्या उंचीवर पहिला दिवस पुन्हा रिकाम्या झोक्याबरोबर घालवा. तेव्हाच दोऱ्यांचे टोकाकडचे भाग, दांडीची पट्टी, कापडाला पडलेली छिद्रं आणि स्विव्हलचा आवाजही तपासून घ्या. करकर ऐकू आली तर त्या दिवशी कुणीही चढायचं नाही.